युद्धग्रस्त ग्रहाची कादंबरी आणि पाण्याचा प्रश्न

परग्रहावर घडणाऱ्या साहसकादंबरीत युद्ध बहुधा असतेच. परंतु ते त्याच ग्रहावर का व्हावे, ह्या प्रश्नाचे उत्तर फार थोड्या कादंबऱ्या देतात. दोन राजे, एक राजकन्या आणि एक परका वीर एवढ्या सामग्रीवर संविधानक उभे राहू शकते, हे नाथमाधवांची ‘वीरधवल’ वाचलेल्या मराठी वाचकास निराळे सांगावयास नको. मात्र तेवढ्यासाठी आकाशात जाण्याचे प्रयोजन नाही. ग्रहाची घडण आणि त्यावरील कलह ह्यांत कार्यकारणसंबंध जेथे दिसतो, तेथेच ह्या प्रकारास विज्ञानकथा हे नाव शोभते.

असा संबंध प्रथम जुळला तो मंगळाविषयीच्या एका भ्रमामुळे. 1877 मध्ये इटालियन ज्योतिर्विद शियापारेली ह्यांस मंगळावर रेषा दिसल्या. त्यांनी योजिलेल्या शब्दाचा अर्थ नैसर्गिक प्रवाहमार्ग असाही होतो. इंग्रजीत त्याचे ‘कालवे’ झाले, आणि कालवा म्हटला की तो खणणारा आलाच! पुढे 1895 च्या आपल्या ग्रंथात अमेरिकेतील पर्सिव्हल लोवेल ह्यांनी असे प्रतिपादन केले की, शुष्क होत चाललेल्या त्या ग्रहावरील लोक ध्रुवप्रदेशातील बर्फाचे पाणी कालव्यांनी आणीत असावेत. एडगर राइस बरोज ह्यांनी 1912 मध्ये ह्याच कल्पनेवर आपला ‘बार्सूम’ रचला. तेथे समुद्र आटले आहेत, श्वसनयोग्य हवा कारखान्यात निर्माण करावी लागते, आणि उरलेल्या साधनसंपत्तीसाठी जमाती परस्परांशी झुंजतात. मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे 38 टक्के असल्याने पृथ्वीवरून गेलेला जॉन कार्टर तेथे प्रचंड उड्या घेतो. म्हणजे नायकाचा निम्मा पराक्रम वस्तुतः ग्रहाचाच आहे.

जुलै 1965 मध्ये मरिनर 4 ह्या यानाने मंगळाची जवळून छायाचित्रे घेतली. त्यांत विवरे दिसली, कालवे दिसले नाहीत. योगायोग असा की, त्याच वर्षी फ्रँक हर्बर्ट ह्यांची ‘ड्यून’ ही कादंबरी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ऑरेगॉनच्या किनाऱ्यावरील सरकत्या वाळूच्या टेकड्या गवत लावून स्थिर करण्याचे प्रयत्न चालले होते. त्यांच्या अभ्यासातून ह्या कादंबरीचे बीज रुजले. तिच्यातील अराकिस हा वाळवंटी ग्रह मौल्यवान मसाल्याचे एकमेव उत्पत्तिस्थान असल्यामुळे सत्ताधीश त्यासाठी लढतात. ग्रहवासीयांचे जीवन मात्र पाण्याभोवती फिरते. अंगावरील पोशाख घाम शुद्ध करून परत पिण्यास देतो, आणि मृताच्या देहातील पाणी टोळीच्या मालकीचे ठरते. दुर्मिळतेतून आचार, आचारातून श्रद्धा आणि श्रद्धेतून रणनीती, अशी ही उपपत्ती आहे. बरोज ह्यांच्या मंगळावर पाण्याचा तुटवडा पार्श्वभूमीला राहतो. अराकिसवर तो सर्व व्यवहारांत मुरलेला आहे. आमच्या मते ह्या प्रकाराची खरी परिपक्वता येथे आहे.

मराठीत ‘कृष्णविवर’ ह्या कथेने 1974 मध्ये विज्ञानकथालेखनास आरंभ करणाऱ्या जयंत नारळीकरांची 94 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली. ते संमेलन डिसेंबर 2021 मध्ये नाशिकलाच भरले. त्यांच्या ‘प्रेषित’मध्ये परग्रहावरचा जीव पृथ्वीवर येतो, ‘वामन परत न आला’चे नाट्यही येथलेच. हा दोष नव्हे, तो दृष्टीचा रोख आहे. तथापि संपूर्ण ग्रह रचून त्यावरील कलहाची मीमांसा करणारी साहसकादंबरी मराठीत विरळाच.

सामग्रीची वाण आहे असे मात्र नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते आणि तिचे पाणी पैठणच्या जायकवाडी जलाशयात जाते. वरच्या अंगास नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणे आहेत, खाली तहानलेला मराठवाडा. 2005 च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व घातले. 2014 च्या आदेशाने असे ठरविले की, ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असल्यास वरून पाणी सोडावे. 2023 मध्ये ते सोडण्यावरून दोन्हीकडे प्रक्षोभ झाला. ह्यात खलपुरुष कोणीच नाही. दोन्हीकडचे शेतकरीच आहेत, आणि दोघांची पिके उभी आहेत.

नदीचे हे खोरे एका ग्रहाएवढे वाढवावे, आणि पाऊस तीन वर्षांतून एकदा पडतो असे मानावे. अशा ग्रहावर नायक सेनापतीच असला पाहिजे असे नाही. जलाशयाची पातळी रोज मोजून दोन्ही पक्षांस कळविणारा एखादा कारकून तेथे अधिक मोठ्या संकटात सापडेल.