वानगी फुकट, पोते विकत

लातूरच्या भुसार बाजारात सौदा चालू असताना आपल्यापैकी पुष्कळजण उभे राहिले असतील. खरेदीदार पोत्यात हात घालतो, मूठभर सोयाबीन बाहेर काढतो, तळहातावर पसरतो, एखादा दाणा दाताखाली धरून ओल पाहतो आणि मग भाव बोलतो. त्या मुठीचे पैसे कोणी मागत नाही. ती वानगी. वानगी फुकट आणि पोते विकत, हा व्यवहार आपल्याला नवा नाही.

असाच व्यवहार संगणकाच्या जगातही चालतो. फरक इतकाच की, तिथली वानगी मूठभर नसते, पुष्कळदा अर्धेअधिक पोतेच असते. संगणकाला काय करायचे ते सांगणारी जी आज्ञावली, जिला आपण सरसकट सॉफ्टवेअर म्हणतो, ती तयार करायला माणसे वर्षानुवर्षे खपतात. आणि मग तीच कंपनी म्हणते, ‘घ्या, फुकट वापरा!’ ऐकणारा एकतर म्हणतो, ‘फुकट ते पौष्टिक’. नाहीतर म्हणतो, ‘यात काहीतरी गोम आहे.’ दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे आज पाहू.

उदाहरण मुनिमाच्या टेबलावरचेच घेऊ. लाल कापडी बांधणीची चोपडी बऱ्याच दुकानांतून मागे पडली आणि तिच्या जागी टॅली आली. ही आज्ञावली बंगळूरच्या गोएंका पितापुत्रांची. श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्याचा हिशेब ठेवायला मनासारखी आज्ञावली मिळेना, तेव्हा मुलगा भरत याने ती लिहायला घेतली. १९८६ साली कंपनी सुरू झाली. व्यापाऱ्याला टॅली वापरायची तर परवाना विकत घ्यावा लागतो. पण शिकणाऱ्याने परवाना न घेता ती उतरवून घेतली, तरी ती चालते. खातेवही, जमाखर्च, ताळेबंद, सारे काही दिसते. फक्त एक मेख मारून ठेवलेली आहे. नोंदी करता येतात त्या महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांच्याच! शिकायला एवढ्या तारखा पुरतात. दुकान चालवायला पुरत नाहीत. तीन तारखेला आलेल्या हरभऱ्याची पट्टी लिहायची कुठे?

आता कंपनीला हे परवडते कसे? शेतकऱ्याने शंभर जणांना मूठ मूठ धान्य दिले, तर पोते तेवढे हलके होते. आज्ञावलीचे तसे नाही. सारा खर्च पहिल्या प्रतीला. दुसरी प्रत, हजारावी प्रत, लाखावी प्रत काढायला जवळजवळ काहीच लागत नाही. दिव्याने दिवा लावला म्हणून पहिल्याचे तेल कमी होत नाही, तसेच हे.

पण परवडते म्हणून कोणी देत नाही. देण्यामागे हेतू असतो. नांदेडच्या एखाद्या वाणिज्य महाविद्यालयातला विद्यार्थी घ्या. फुकटच्या प्रतीवर तो सहा महिने सराव करतो. त्याची बोटे त्या कळांना सरावतात. पुढे तो आडत दुकानात किंवा डाळमिलमध्ये नोकरीला लागतो. मालक विचारतो, ‘कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?’ पोरगा काय सांगणार? जे येते तेच! १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि लहान व्यापाऱ्यालाही संगणकावरचा हिशेब जवळ करावा लागला, तेव्हा अशी शिकलेली मुले हाताशी होती. म्हणजे परवान्याचे पैसे मालकाने दिले. पण विक्री झाली ती आपल्या वर्गात, तुमच्या-माझ्यासारख्या शिक्षकाच्या हातून.

दुसरी तऱ्हा निराळी. तिथे वापरणारा कधीच पैसे देत नाही. देणारा दुसराच असतो. व्हॉट्सअ‍ॅपने वर्षाची नाममात्र फी २०१६ मध्ये काढून टाकली. गावातला प्रत्येकजण त्यावर आला, म्हणून जो राहिला होता त्यालाही यावे लागले. आणि जिथे सारा गाव जमतो, तिथे दुकान मांडायला व्यापारी पैसे मोजतो. २०१८ पासून मोठ्या कंपन्या ग्राहकांना निरोप धाडण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपला पैसे देऊ लागल्या. जत्रेत शिरायला तिकीट नसते; पण पाल ठोकायला जागेचे भाडे द्यावे लागते.

तिसरी तऱ्हा सवय लागेपर्यंत देण्याची. गूगलने छायाचित्रे साठवायला अमर्याद जागा फुकट दिली होती. १ जून २०२१ पासून ती सवलत बंद झाली आणि नवी छायाचित्रे १५ जीबीच्या फुकट मर्यादेत मोजली जाऊ लागली. तोवर लोकांची लग्ने, बारशी, शाळेची स्नेहसंमेलने, सारे तिथे जाऊन बसले होते. बिऱ्हाड थाटल्यावर घर बदलणे जड जाते, हे भाडेकरूला माहीत असते, तसे घरमालकालाही.

माझीच गोष्ट सांगतो. पूर्वी मी मराठी टिपणे एका विशिष्ट अक्षरसंचात टंकित केली. तो संच कोणीतरी फुकट दिला होता. संगणक बदलला, नवी आज्ञावली आली आणि टिपणे उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा! मजकूर माझाच, पण किल्ली दुसऱ्याकडे. कित्येक पाने पुन्हा टंकित करावी लागली.

यावर उपाय आहे काय? आहे. ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांत भेद करायला शिकावे. मोफत म्हणजे आज पैसे लागत नाहीत. मुक्त म्हणजे ती आज्ञावली कोणीही वापरावी, वाटावी, तिच्यात बदल करावा, असा हक्कच दिलेला. लिनक्स, लिबरऑफिस ही त्या जातीची. केरळातील सरकारी शाळांचे संगणक अशाच मुक्त आज्ञावलीवर चालतात. लिबरऑफिस मराठीतही आहे.

याचा अर्थ फुकटची वानगी घेऊच नये, असा मुळीच नव्हे. गरीब विद्यार्थ्याला तिच्यामुळे शिकता येते, हा मोठाच लाभ आहे. पण घेताना तीन प्रश्न विचारावेत. याचे पैसे शेवटी कोण देतो? उद्या फुकट देणे थांबले तर माझे काय अडेल? आणि माझा हिशेब, माझा मजकूर, मला हवा तेव्हा दुसरीकडे नेता येईल काय?

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढीच विनंती की, मुलांना कोणती कळ दाबावी हे जरूर शिकवा. पण त्याआधी नावे कशाला आणि जमा कशाला, हे कोऱ्या कागदावर शिकवा. कळ कंपनीची असते, ती बदलते. हिशेबाची समज मात्र मुलाची स्वतःची. ती जाईल त्या दुकानात त्याच्याबरोबर जाते.