हरिश्चंद्रगडाचे शीतल तीर्थ

महाशिवरात्रीचे पर्व समीप आले की मीरा-भाईंदरच्या आम्हां खाडीकाठच्या भाविकांचे मन सह्याद्रीकडे ओढ घेते. घोडबंदर, ठाणे, कल्याण मागे टाकून माळशेज घाट चढावा, खिरेश्वरी मुक्काम करावा आणि पहाटे तोलारखिंडीची वाट धरावी.

सुमारे १४२४ मीटर उंचीच्या या गडावर हरिश्चंद्रेश्वराचे प्राचीन पाषाणमंदिर असून सन्निध सप्ततीर्थ पुष्करिणी आहे. चांगदेवांनी येथे तप करून ‘तत्त्वसार’ रचला, असे मानतात. केदारेश्वराच्या गुहेतील भव्य शिवलिंग कमरभर शीतल जलात उभे आहे. भोवतीच्या चार स्तंभांपैकी एकच अखंड उरला आहे. तो कोसळेल तेव्हा युगान्त होईल, अशी लोकश्रद्धा आहे.

स्तंभाची चिंता वाहणाऱ्यांनी जलाचीही वाहावी. हे साठलेले पाणी आहे, वाहती नदी नव्हे. साबण, तेल, निर्माल्य त्यात पडले तर तेथेच कुजणार. म्हणून बेलपत्र भक्तिभावाने वाहावे; उरलेली फुले व पिशव्या मात्र परत आणाव्यात, निर्माल्य घरच्या तुळशीच्या मातीत मिळवावे. तीर्थ निर्मळ राखणे, हीही शिवपूजाच होय.