पुडीवर नाव का नाही?

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील महापे गावाची आज दोन जगे झाली आहेत. एकीकडे मिलेनियम बिझनेस पार्कच्या काचेच्या इमारती, दुसरीकडे टीटीसी औद्योगिक क्षेत्रातील कारखाने, गोदामे आणि त्यांत ठेकेदाराच्या हजेरीपटावर बारा-बारा तास राबणारा आपला माणूस. त्याला ताप आला, खोकल्याने धरले की तो वाशीच्या कामगार विमा रुग्णालयात जात नाही, कारण रांगेत उभे राहणे म्हणजे एक खाडा. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रातही जात नाही, कारण केंद्राची वेळ आणि त्याच्या पाळीची वेळ एकच. तो जातो रात्री नऊ-दहापर्यंत उघड्या असणाऱ्या गल्लीतल्या दवाखान्यात. तिथे एक सुई मिळते आणि कंपाउंडर दोन दिवसांच्या गोळ्या कागदाच्या पुड्यांत बांधून देतो. एक पांढरी, एक पिवळी, अर्धी गुलाबी. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. केस पेपर नाही, चिठ्ठी नाही, पावती नाही.

आमच्याकडे कामगार बंधू-भगिनी कागदपत्रांची पिशवी घेऊन येतात. त्यात पगाराची स्लिप असते, पी.एफ.चा नंबर असतो, जातीचा दाखला तर प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेला असतो. पण आजारपणाचा कागद मागितला की खिशातून रिकामी पुडी निघते. त्या पुडीत काय होते हे ना खाणाऱ्याला ठाऊक, ना त्याच्या बायकोला. उद्या दुसऱ्या डॉक्टरने विचारले की, 'आधी कोणते औषध घेतले?' तर उत्तर एकच, 'पिवळी गोळी होती, साहेब.'

वाचकहो, ही एका गल्लीची कथा नव्हे. साधा डॉक्टर, ज्याला आपण फॅमिली डॉक्टर म्हणतो, तो रुग्णाला काय लिहून देतो आणि कसे देतो, यावर जगभर संशोधन होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ सालीच त्याची मोजपट्टी तयार केली. एका भेटीत सरासरी किती औषधे दिली, किती रुग्णांना प्रतिजैविक दिले, किती जणांना सुई टोचली, किती औषधे मूळ नावाने लिहिली, असे साधे सरळ प्रश्न. आपल्या महाराष्ट्रातही डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यात औषधांचा पुरवठा व वापर तपासला आणि १९९८ साली त्यावर पुस्तकही आले. औषधांवर होणाऱ्या खर्चाचा मोठा भाग अनावश्यक किंवा अशास्त्रीय औषधांवर जातो, हे त्या कामाने दाखवून दिले. पण चिठ्ठीत काय लिहिले जाते याचा सर्वात बोलका पुरावा आपल्या अगदी जवळ, खाडीच्या पलीकडे धारावीत गोळा झाला आहे.

१९९१ साली मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड या संशोधकांनी धारावीतील १०० खाजगी डॉक्टरांना विचारले की, क्षयरोग्याला तुम्ही कोणती औषधे लिहून देता? शंभर डॉक्टरांनी ८० वेगवेगळे उपचार सांगितले! रोग एक, जंतू एक, आणि औषधयोजना ऐंशी. त्यातील बहुतेक चुकीच्या, आणि वर महागड्या. धारावीत कोण राहते, चामड्याच्या कामावर कोणाची पिढ्यान्‌पिढ्या हाडे झिजली, हे या पानाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

कोणी म्हणेल, जुनी गोष्ट आहे. म्हणून जवळजवळ वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया यांनी सहकाऱ्यांसह (त्यांत उपळेकरही होते) मुंबईतील १०६ खाजगी डॉक्टरांना तोच प्रश्न पुन्हा केला. निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. या वेळी ६३ वेगवेगळ्या औषधयोजना निघाल्या. बिनचूक चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर १०६ पैकी फक्त ६, आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाची योग्य चिठ्ठी लिहू शकणारे फक्त ३. दरम्यान देशाने आर्थिक उदारीकरण पाहिले, महाप्याला काचेच्या इमारती आल्या, मोबाईल फोन घराघरात गेला. गरिबाच्या चिठ्ठीत मात्र फारसा फरक पडला नाही.

चुकीच्या चिठ्ठीचे पुढे काय होते, हे २०११ सालच्या अखेरीस दिसले. हिंदुजा रुग्णालयातून डॉ. उदवाडिया यांच्या पथकाने चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्यातील क्षयाचे जंतू तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद देत नव्हते. 'पूर्ण प्रतिरोधक' हा शब्द सरकारला मान्य झाला नाही आणि बराच वाद झाला. पण शब्दापेक्षा महत्त्वाचे ते, जे त्या डॉक्टरांनी नोंदवले होते. त्यातील तीन रुग्ण सरासरी दीड वर्षात चार-चार खाजगी डॉक्टरांकडे फिरले होते आणि प्रत्येकाने एखाद-दुसरे औषध, तेही अनेकदा चुकीच्या मात्रेत, वाढवून दिले होते. जंतूला याहून चांगली शाळा कोणती मिळणार?

डॉक्टरने कागदावर दिलेले उत्तर आणि दवाखान्यातले प्रत्यक्ष वागणे यांत अंतर असते, अशीही शंका घेतली जाते. ती योग्यच आहे. म्हणून २०१४-१५ मध्ये मुंबई आणि पाटणा येथे प्रशिक्षित माणसे रुग्ण बनून दवाखान्यांत पाठवण्यात आली. अडीच हजारांहून अधिक भेटी झाल्या, निष्कर्ष २०१८ साली आले. बरोबर उपचाराची अपेक्षा फार मोठी नव्हती. दोन-तीन आठवड्यांच्या खोकल्याच्या रुग्णाची थुंकी तपासा, छातीचा फोटो काढायला सांगा, किंवा योग्य ठिकाणी पाठवा. एवढेही शंभरातील साधारण ३५ भेटींतच झाले. एम.बी.बी.एस. डॉक्टर इतरांपेक्षा बरे निघाले, पण तेही सगळे नव्हे. बाकी ठिकाणी खोकल्याचे औषध, प्रतिजैविक, आणि काही ठिकाणी स्टेरॉईड. आणि काही प्रतिजैविके अशी आहेत की ती क्षयाला थोडे दिवस दाबून ठेवतात. रुग्णाला बरे वाटते, तो कामावर जातो, महिन्याभराने पुन्हा पडतो. तोवर त्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत आणखी कोणाकोणाला लागण झालेली असते, कोण सांगणार?

आता डॉक्टरांना झोडपणे सोपे आहे आणि आम्हाला ते करायचे नाही. रात्री दहा वाजता कामगाराच्या लेकराला तपासणारा तोच एक माणूस असतो. सल्ल्याचे पैसे कोणी देत नाही. गोळीचे आणि सुईचे देतात. गोळीचे नाव सांगितले तर पुढच्या वेळी रुग्ण थेट मेडिकलमध्ये जाईल, ही त्याची भीती. म्हणूनच पुडी निनावी. शेजारी दुसरा दवाखाना आणि दारात कंपनीचा प्रतिनिधी. 'लोकांनाच सुई हवी असते' असे डॉक्टर म्हणतात, पण लोकांना ही सवय लावली कोणी? २००४ च्या देशव्यापी पाहणीत दिल्या जाणाऱ्या सुयांपैकी सुमारे ६३ टक्के असुरक्षित आढळल्या होत्या, हेही सांगून ठेवतो.

आणखी एक नाजूक मुद्दा आहे. या दवाखान्यांत बसणाऱ्यांत होमिओपॅथी आणि आयुर्वेद शिकलेले बरेच जण आहेत, आणि त्यांत आपल्याच समाजातील पहिल्या पिढीची मुले-मुलीही आहेत. एम.बी.बी.एस.ची जागा हुकली म्हणून दुसऱ्या वाटेने गेलेली. त्यांच्याविषयी आम्हाला आपुलकीच आहे. पण कायदा काय म्हणतो? १९९२ साली मुंबईत एका तापाच्या रुग्णाला होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरने अॅलोपॅथीची औषधे दिली, आधी विषाणूजन्य ताप म्हणून, मग टायफॉईड म्हणून. रुग्ण दगावला. 'पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निर्णय दिला की, ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्या शास्त्राचे औषध देणे हाच निष्काळजीपणा, तो वेगळा सिद्ध करण्याची गरज नाही. विधवेला ३ लाख रुपये भरपाई मिळाली. महाराष्ट्र शासनाने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरांना ती वाट मोकळी केली. त्यांच्या नोंदणीवरून २०२५ साली पुन्हा वाद पेटला, आंदोलने झाली, प्रकरण न्यायालयातही गेले. दोन डॉक्टर संघटनांच्या या भांडणात रुग्णाला एक साधी गोष्ट कोणीच विचारली नाही. समोर बसलेल्याची पदवी कोणती आणि त्याने मला काय दिले, हे मला लेखी कळते का?

इथे आम्ही वकील म्हणून थोडे सविस्तर बोलणार आहोत, कारण निनावी पुडी ही नुसती वाईट सवय नाही. औषधे नियम, १९४५ नुसार औषध विकायला परवाना लागतो. डॉक्टरने आपल्या स्वतःच्या रुग्णाला औषध दिले तर त्याला त्यातून सूट आहे. ती सूट या नियमांच्या परिशिष्ट के मध्ये आहे आणि ती सशर्त आहे. औषध परवानाधारकाकडूनच घेतलेले असले पाहिजे, त्याच्या खरेदीची नोंद असली पाहिजे. आणि औषध परिशिष्ट एच मधले असेल (अनेक प्रतिजैविके आणि स्टेरॉईडच्या गोळ्या त्यात येतात) तर पुडीवर डॉक्टरचे नाव, पत्ता आणि घ्यायची मात्रा लिहिलेली हवी. औषधाचे नाव, रुग्णाचे नाव, तारीख हे सर्व वहीत टिपून त्या नोंदीचा क्रमांक पुडीवर टाकायचा आणि ती वही किमान दोन वर्षे सांभाळायची. ही अट मोडली तर सूट कशाच्या आधारे मागणार? महापे काय, साऱ्या नवी मुंबईत अशी क्रमांक टाकलेली पुडी कोणी पाहिली असेल तर आम्हाला जरूर दाखवावी. तक्रार कुठे करायची? अन्न व औषध प्रशासनाकडे.

डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली तर नियम ६५ लागू होतो. चिठ्ठीवर सही, तारीख, रुग्णाचे नाव-पत्ता, एकूण औषध किती आणि मात्रा किती, हे सर्व हवे. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांत २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार औषधाचे मूळ नाव, वाचता येईल अशा आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायचे आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने हे अधिक कडक करून पाहिले, पण डॉक्टरांच्या संघटनांनी ओरड करताच ते नियम त्याच महिन्यात स्थगित झाले. २०२५ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने मात्र वाचता येणारी चिठ्ठी हा घटनेच्या कलम २१ मधील आरोग्याच्या हक्काचाच भाग ठरवला. आपल्या राज्यात खाटा असलेल्या रुग्णालयांसाठी शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे, २०२१ पासून त्याच्या नियमांत रुग्णांच्या हक्कांची सनदही आली. पण एका खोलीतला, बिनखाटांचा दवाखाना त्यात येत नाही. म्हणजे गरिबाचा जिथे रोज संबंध येतो तेच दार सनदेच्या बाहेर!

या सगळ्याचा पोटाशी काय संबंध, असे कोणी विचारील. तर ऐका. १९४३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले. १९४४ साली अहवाल आला आणि त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. त्या योजनेसाठी २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, कंत्राटी कामगाराच्याही. मोबदल्यात काय? साध्या आजारात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता. आणि क्षयरोगासारख्या दीर्घ आजारात, दोन वर्षांची सलग नोकरी आणि वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर, ८० टक्के भत्ता, दोन वर्षांपर्यंत. पण त्यासाठी विमा डॉक्टरचा दाखला लागतो. निनावी पुडी खाऊन घरी पडलेल्या कामगाराच्या नावापुढे हजेरीपटावर फक्त खाडा लागतो, आणि पुढच्या महिन्यात ठेकेदार नवा माणूस आणतो. तेव्हा खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला की एक खाडा पडला तरी चालेल, वाशी गाठावी, नाहीतर महापालिकेच्या केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. ती तपासणी आणि क्षयाची औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत.

आणि जो खाजगी डॉक्टरकडेच राहणार असेल त्यानेही एक गोष्ट मागावी. मे २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणे खाजगी डॉक्टरवरही बंधनकारक आहे. ही नोंद 'निक्षय' या प्रणालीत होते आणि रुग्णाला एक क्रमांक मिळतो. आहारासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये थेट बँक खात्यात जमा होतात, ते या नोंदीवरच. नोंद नसेल तर पैसे नाहीत. डॉक्टरने 'टी.बी. आहे' असे सांगितले की पहिला प्रश्न हाच विचारावा, 'डॉक्टर, माझा निक्षय क्रमांक किती?' आणि तो कागदावर लिहून घ्यावा, जातीच्या दाखल्याच्या त्याच प्लास्टिकच्या पिशवीत.