धुरापासून इंधन बनतं, मग अडतंय कुठे?

‘कार्बन डायऑक्साइडपासून इंधन तयार!’ अशी बातमी व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरते. बातमी खोटीच असते असं नाही. पण त्यासाठी लागणारी ऊर्जा कुठून आली, हे तिच्यात बहुतेक वेळा नसतं.

कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून गेलेला कार्बन. चुलीतल्या राखेसारखा, पुन्हा पेट न घेणारा. त्याला हायड्रोजन जोडला की मिथेनॉल बनतं. मिथेनॉल इंधन म्हणून चालतं आणि त्यापासून इतर रसायनंही बनतात. ही जोडणी तांबं आणि झिंक ऑक्साइड असलेल्या उत्प्रेरकावर, २०० ते ३०० अंश सेल्सिअस तापमानात आणि मोठ्या दाबाखाली होते.

उत्प्रेरक क्रियेचा वेग वाढवतो, पण ऊर्जा पुरवत नाही. कसारा घाटातल्या बोगद्यांमुळे गाडीला डोंगरमाथा चढावा लागत नाही, तरी इगतपुरीची उंची गाठायला इंजिनाची ताकद लागतेच. इथे ती ताकद हायड्रोजनची.

आता हिशेब बघा. एक किलो मिथेनॉलला साधारण १.४ किलो कार्बन डायऑक्साइड आणि १९० ग्रॅम हायड्रोजन लागतो. विजेने पाणी फोडून तेवढा हायड्रोजन काढायला जवळपास १० युनिट वीज जाते. आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशाची. एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला, तर १.४ किलो वापरायला ७ किलो हवेत सोडला! शिवाय मिथेनॉल जाळलं की तो १.४ किलोही परत बाहेर.

म्हणूनच दादरला लागून असलेल्या माटुंग्याच्या आयसीटीतलं (जुन्या लोकांसाठी यूडीसीटी, स्थापना १९३३) एक काम महत्त्वाचं ठरतं. संस्थेचे माजी कुलगुरू डॉ. गणपती यादव यांच्या गटाने ओएनजीसीच्या साथीने तांबे-क्लोरीन चक्रावर काम केलं. यात पाणी फोडण्याचं बरंचसं काम उष्णता करते, विजेवरचा भार कमी होतो. कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल बनवावं, हा आग्रहही यादव सातत्याने मांडत आले आहेत.

हायड्रोजनशिवायचे मार्गही आहेत. इपॉक्साइड नावाच्या रसायनात मुळातच भरपूर ऊर्जा असते. कार्बन डायऑक्साइड त्याच्याशी जोडला की लिथियम बॅटरीत वापरली जाणारी कार्बोनेट मिळतात. मागणी मात्र इंधनाच्या तुलनेत किरकोळ.

आइसलंडमध्ये २०१२ च्या सुमारास असा मिथेनॉल कारखाना उभा राहिला. तिथली वीज जलविद्युत आणि जमिनीखालच्या उष्णतेची आहे.