भाकरीचा विलायती मामेभाऊ

माढ्यात कुणालाही विचारा, ‘तुम्ही ग्लुटेन-फ्री खाता का?’ समोरचा दोन सेकंद तुमच्याकडे बघेल आणि म्हणेल, ‘आमच्यात भाकरी असती.’ विषय संपला! शहरातल्या मॉलमध्ये ज्याला वेगळं शेल्फ, वेगळं लेबल आणि वेगळाच भाव, ते इथं दुरडीत फडक्याखाली झाकून ठेवलेलं असतं. मग त्याच पिठाचा, बेदाणे-शेंगदाणे घातलेला स्कोन का नको? चला, ओव्हन तापेपर्यंत गप्पा मारू.

माहीत आहे का, स्कोन हा मुळात ओव्हनमधला पदार्थच नाही? स्कॉटलंडमध्ये ओट किंवा बार्लीच्या पिठाची जाडसर गोल चकती करायची, लोखंडी तव्यावर टाकायची आणि चार तुकडे करायचे. झाला स्कोन! गोल आकार, तवा, गरिबाघरचं धान्य... ओळखीचं वाटतंय ना? आपल्या भाकरीचा मामेभाऊच तो. मैदा आणि ओव्हन ही नंतर आलेली श्रीमंती.

त्याचं नाव पहिल्यांदा कुठे सापडतं? थेट महाकाव्यात! गॅव्हिन डग्लस या स्कॉटिश कवीने १५१३ मध्ये व्हर्जिलचं ‘इनीड’ भाषांतरित केलं, त्यात स्कोन आहेत. प्रसंगही झकास. ट्रॉयहून निघालेले भुकेले वीर पिठाच्या चकत्यांचंच ताट करतात, त्यावर फळं मांडून खातात आणि शेवटी ताटही फस्त करतात. हातातल्या भाकरीवर पिठलं घेऊन बांधावर जेवलेल्या माणसाला यात काय नवल!

बरं, उच्चार कसा करायचा? ‘स्कोन’ की ‘स्कॉन’? ब्रिटनमध्ये यावरून घराघरांत मतभेद आहेत. जॅम आधी की क्रीम आधी, हा दुसरा तंटा. कॉर्नवॉलवाले आधी जॅम लावतात, डेव्हनवाले आधी क्रीम. ‘आधी लगीन कोंढाण्याचं’ इतक्या गांभीर्याने!

इंग्रज आमच्याकडेही येऊन गेले हं. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनियरने १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. माढा तालुक्यातल्या कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी, रुळांत जेमतेम ७६२ मिलिमीटर अंतर असलेली चिमुकली गाडी. साहेबाने रूळ टाकले, स्कोन टाकायचे मात्र राहिले. ती कसर आता आपण भरून काढू.

पीठ कुठलं? मालदांडी, दुसरं कुठलं! माढ्याहून सोलापूरची गाडी धरलीत की वाटेत मोहोळ लागतं. रब्बी ज्वारीचा सुपरस्टार वाण ‘मालदांडी ३५-१’ तिथल्याच संशोधन केंद्रात निवडला गेला, तोही १९३०च्या दशकात. त्यानंतर किती वाण आले न् गेले, पण भाकरीची चव म्हटली की माणसं अजून मालदांडीच मागतात. वयाची नव्वदी गाठूनही मार्केट टिकवणारा हिरो दुसरा दाखवा!

माहीत आहे का, भाकरी ‘थापावी’ का लागते आणि पोळी ‘लाटता’ का येते? कारण ग्लुटेन! गव्हाच्या पिठातलं हे रबर. पाणी पडलं की प्रथिनांचं जाळं विणलं जातं आणि कणीक ताणली जाते. ज्वारीत ते जाळंच नाही. म्हणून आपल्या आज्या पिठात आधणाचं पाणी घालत, म्हणजे पिष्ट शिजून चिकट होई, आणि मग परातीत रगडून रगडून मळत. हल्लीच्या बेकिंगच्या पुस्तकांत ज्याला टेक्निक म्हणतात, ते त्यांच्या मनगटात होतं.

माझ्या मनगटात नाही, हे पहिल्याच घाण्यात कळलं. सगळं अगदी पुस्तकाबरहुकूम केलं. वास सुटला, रंग आला, एक स्कोन उचलला. हातात एवढासा कपचा आला, बाकीचा ट्रेमध्ये भुगा. सासूबाईंनी तो वाटीत गोळा केला, वर दूध-साखर घातली आणि म्हणाल्या, ‘मलिदा छान झालाय गं.’ ही दाद होती की टोमणा, यावर माझं संशोधन अजून चालू आहे.

उपाय कुठे सापडला? औषधाच्या कपाटात. इसबगोल! हो, तोच, आजोबांचा रात्रीचा सोबती. त्याची साल पाणी पिऊन फुगते, बुळबुळीत होते आणि पिठाला धरून ठेवते. ग्लुटेनचा डमी कलाकारच म्हणा. इसबगोल पिकवण्यात भारत जगात पहिला. आणि नावाचा अर्थ माहीत आहे का? फारसीत ‘घोड्याचा कान’! बी बघा, म्हणजे पटेल.

बेदाणाही फारसीच. बे-दाणा, म्हणजे बिनबियांचा. एक किलो बेदाण्यासाठी साधारण चार किलो द्राक्षं सुकवावी लागतात. आणि सोनाका द्राक्ष तर अस्सल सोलापुरी! नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ते शोधलं.

नट्स म्हणून बदाम-अक्रोड घालाल, घाला. आमच्याकडे शेंगदाणा. गंमत म्हणजे तो नट नाहीच, तो तूर-हरभऱ्याचा भाऊबंद. फूल वर येतं, मग आऱ्या जमिनीत घुसतात आणि शेंग मातीत धरते. वर फुलून खाली फळणारं असं पीक विरळाच.

थोडं सीरियस होऊ? सीलिअ‍ॅक आजारात ग्लुटेनमुळे आतड्याच्या अस्तराला इजा होते. गव्हाशी त्याचं नातं जुळवलं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, आणि सीलिअ‍ॅक असलेली मुलं मात्र सुधारली. पाव परत आला, दुखणंही परतलं. डिकेचा प्रबंध १९५०चा.

आणि बेकिंग पावडर? तिच्यामागे लव्हस्टोरी आहे. बायकोला यीस्ट चालत नाही, म्हणून बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८४३ मध्ये ती तयार केली. त्याआधी, तिला अंडंही चालत नाही म्हणून बिनअंड्याचं कस्टर्ड! अशा नवऱ्याला काय म्हणावं? फुगवून सांगत नाही, खरंच.

तापला ओव्हन? २०० अंशांवर ठेवा. दीडशे ग्रॅम ज्वारीचं पीठ, पन्नास तांदळाचं, पंचवीस कॉर्नफ्लोअर. बेकिंग पावडर आणि इसबगोल एकेक मोठा चमचा, तीन चमचे साखर, चिमूट मीठ. साठ ग्रॅम गारेगार लोणी बोटांनी चोळा, रव्यासारखं दिसेपर्यंत. मूठभर बेदाणे, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि पाऊण वाटी ताक. वीस मिनिटं झाकून ठेवा, नाहीतर ज्वारी दाताखाली करकरते. बोटभर जाड थापा, वाटीने सरळ कापा. वाटी फिरवायची नाही, कडा दाबल्या जातात आणि स्कोन तिरका फुगतो. १५ ते १८ मिनिटांत तयार.

घरात सीलिअ‍ॅकचं माणूस असेल तर मात्र गिरणीत सावध राहा. आधी गहू दळून गेलेला असतो, जात्यात अडकलेलं ते पीठ तुमच्या डब्यात येतं. घरघंटी असेल तर उत्तम, पण तिच्यातही गहू नको. खपली गहू ‘देशी’ असला तरी गहूच. आणि डबीतला हिंग? लेबल वाचा, बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ असतं!

एक शेवटचं. हे स्कोन त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी ते कोरडे पडतात. उरलेच तर आडवे कापा, तुपाचा थेंब सोडा आणि भाकरीच्याच तव्यावर परता.