बैठकीत परतला मारिओ

उन्हाळ्याची सुट्टी. पंख्याखाली अंथरलेली सतरंजी, मध्ये आंब्याच्या फोडींचे ताट आणि टीव्हीसमोर दोन रिमोट घेऊन बसलेली भावंडे. मागे आपली पाळी कधी येते म्हणून ताटकळलेली मामे-चुलत मंडळी. ज्यांचे बालपण १९९० च्या दशकात गेले, त्यांना हे चित्र चांगलेच ओळखीचे आहे. मग ते घर नागपूरच्या महालातले असो, पुण्याच्या पेठेतले असो, की नागपूरकर भोसल्यांनी काशीत बांधलेल्या भोसले घाटामागच्या गल्लीतले!

आज त्याच मंडळींची मुले मोबाइलवर खेळतात. खेळ देखणे झाले. पण मूल कोपऱ्यात, मान खाली घालून, एकटे असते. ते काय खेळते, कोणाशी खेळते, याचा घरच्यांना पत्ता नसतो. यावर काही हौशी पालकांनी एक तोडगा काढला आहे. जुने खेळ चालवणारा छोटासा संगणक ते मुलांना हाताशी घेऊन घरीच जोडतात आणि बैठकीतल्या टीव्हीखाली ठेवतात. हे काम वाटते तितके अवघड नाही.

त्या डब्यात होते काय?

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे यंत्र बाजारात आणले. आपल्याकडे घरोघरी पोहोचले ते बहुतेक त्याच्या स्वस्त नकला. 'सुपर मारिओ' (१९८५), गरुडाचा तळ राखायचा रणगाड्यांचा खेळ 'बॅटल सिटी' (१९८५), दोघांनी मिळून लढायचा 'कॉन्ट्रा' हे सारे त्यावरच खेळले गेले. कार्ट्रिजवर '९९९९ खेळ' असे छापलेले असे. प्रत्यक्षात तेच पाचपन्नास खेळ नाव बदलून पुन्हा पुन्हा येत.

मूळ यंत्राची कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट होती आणि मारिओचा सगळा खेळ ४० किलोबाइटमध्ये मावे. आज मोबाइलने काढलेला एक फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट मोठा असतो. म्हणूनच हल्लीचा साधा संगणकही त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करू शकतो. हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला 'एम्युलेटर' म्हणतात. तो दुभाष्यासारखा असतो. जुन्या चिपसाठी लिहिलेली प्रत्येक आज्ञा वाचायची आणि नव्या संगणकाकडून तेच काम करून घ्यायचे. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला 'मेम' हा एम्युलेटर तर पार्लरमधल्या, नाणे टाकून खेळायच्या यंत्रांचीही नक्कल करतो.

सामान आणि जोडणी

सर्वांत सुटसुटीत मार्ग म्हणजे 'रास्पबेरी पाय'. साधारण एटीएम कार्डाएवढा हा संगणक २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये विक्रीस आला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली अशा ठिकाणी चौकशी करावी. सोबत हवे ३२ जीबीचे मेमरी कार्ड, त्याच बोर्डाला चालणारा अ‍ॅडॉप्टर, एचडीएमआय केबल, उष्णता बाहेर जाईल अशी पेटी आणि यूएसबीवर चालणारे रिमोट. रिमोट मात्र दोन घ्यावेत. एकावर भागवले तर सगळ्या खटाटोपाचा हेतूच फसतो.

घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर बोर्ड घेण्याचीही गरज नाही. 'बाटोसेरा' ही मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरून चालू करता येते आणि लॅपटॉपमधल्या मूळ माहितीला हात लागत नाही. रास्पबेरी पायसाठी 'रेट्रोपाय', 'रिकॉलबॉक्स', 'लाक्का' हेही पर्याय आहेत. आपल्या बोर्डावर कोणती आवृत्ती चालते, ते आधी पाहून घ्यावे.

निवडलेली प्रणाली दुसऱ्या संगणकावरून कार्डावर उतरवायची, कार्ड बोर्डात घालायचे, केबल टीव्हीला जोडायची. पहिल्यांदा चालू केल्यावर रिमोटचे एकेक बटण दाबून ओळख करून द्यावी लागते. हे काम मुलांवर सोपवावे.

हे लक्षात ठेवा

• टीव्हीवर 'गेम मोड' असल्यास तो सुरू करा. नाहीतर बटण दाबणे आणि मारिओने उडी मारणे यांत क्षणाचा फरक पडतो आणि तो थेट खड्ड्यात!

• चित्र जुन्या टीव्हीच्या ४:३ प्रमाणातच ठेवा. पडदा भरण्यासाठी ताणले की मारिओ बुटका आणि जाडा दिसतो.

• खेळ संपल्यावर थेट मेन स्विच बंद करू नका. आधी मेनूतून यंत्र बंद करा, नाहीतर कार्डावरची माहिती बिघडू शकते.

• बदके टिपायची जुनी बंदूक माळ्यावर सापडली तरी नव्या टीव्हीवर तिचा उपयोग नाही. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदूक तो उजेड टिपत असे. हा हिशेब जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेला होता.

खेळ आणायचे कुठून?

इथे थोडे थांबावे लागते. एम्युलेटर वापरण्यात गैर काही नाही. पण खेळ जुना झाला म्हणून मालकी संपत नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या प्रोग्रॅमनाही लागू आहे. कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रॅमची जपणुकीसाठी प्रत काढण्याची मुभा तो देतो. दुसऱ्याने इंटरनेटवर टाकलेला खेळ उतरवून घेणे त्यात बसत नाही. माळ्यावरचे कार्ट्रिजही पुष्कळदा नकलीच असते.

अडचण खरी आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये झालेल्या एका अभ्यासानुसार, २०१० पूर्वी तिथे आलेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात विकतच मिळत नाहीत. तरी सरळ मार्ग आहेत. काही कंपन्या आपले जुने खेळ संग्रह करून विकतात. 'रॉबी रोटो' (१९८१) सारखे काही खेळ हक्कदारांनी बिगरव्यापारी वापरासाठी मोकळे केले आहेत. 'नोव्हा द स्क्विरल' सारखे, जुन्या यंत्रासाठी नव्याने लिहिलेले खेळ त्यांचे निर्मातेच मोफत देतात. चोरी आणि मोफत यांतला फरक मुलांना समजावून सांगण्याची हीच वेळ.

पाळीचा धडा

एम्युलेटरमध्ये एक सोय असते. खेळ कुठेही थांबवून जतन करता येतो आणि हरल्यावर तिथूनच पुढे सुरू करता येतो. एकट्याने खेळताना ती उपयोगी आहे. पण सगळे जमलेले असताना ती बंद ठेवलेली बरी. जुन्या खेळात तीन जीव संपले की खेळ संपला. मग रडून उपयोग नसे. रिमोट पुढच्याच्या हाती द्यायचा आणि मागे जाऊन बसायचे. धाकट्यालाही पाळी मिळे, आणि थोरला त्याला कुठे उडी मारायची ते सांगे.

ते दिवस आणि ते खेळ ज्या आईबाबांना आठवतात, त्यांनी पहिल्या दिवशी मुलांबरोबर जरूर बसावे. पहिल्याच खड्ड्यात पडून मुलांचे हसू ओढवले तर तेही आनंदाने सोसावे!