मिसरोदहून नागपूरला, कान उघडे ठेवून!

भोपाळच्या दक्षिणेला मिसरोद नावाचं स्टेशन आहे. इथल्या फलाटावर कुणी विचारलं, "को खां, कहां जा रिये हो?" तर समजा, हा पक्का भोपाळी! पुस्तकातल्या हिंदीतलं 'रहे' भोपाळी जिभेवर 'रिये' होतं. पश्चिमेला उज्जैनकडे माळवी बोलतात. तिथे 'माझा' म्हणजे 'म्हारो'. पूर्वेला सागरकडे बुंदेली, तिथे 'हमाओ'. मधे कुठे पाटी आहे का, 'माळवी संपली, बुंदेली सुरू' अशी? छे! आपण ज्यांच्याशी रोज बोलतो, ज्यांच्या बाजाराला जातो, ज्यांच्याशी सोयरीक जुळवतो, त्यांच्यासारखे बोलू लागतो. म्हणून शेजारच्या गावांत फरक जेमतेम जाणवतो आणि लांबच्या गावांत मात्र भलामोठा.

चला, याच रुळांवरून दक्षिणेला. नर्मदा ओलांडली, इटारसी गेलं, सातपुड्याचे घाट आले. बैतूल जिल्ह्यात तर कमालच! इथली गोंडी ही तेलुगू-तमिळच्या कुळातली. कोरकू मात्र झारखंडच्या मुंडारीची बहीण. आपल्या मराठी-हिंदीचं कूळ तिसरंच. काही तासांच्या प्रवासात तीन भाषाकुळं!

पुढे पांढुर्णा. जिल्हा मध्य प्रदेशातला, पण घराघरांत मराठी. आणि मग नागपूर. तिथली मुलं म्हणतात, "मी शाळेत जाऊन राहिलो." पुण्यातला मुलगा म्हणेल, "जातोय." आता 'जाऊन राहिलो' आणि भोपाळचं 'जा रिया हूं' शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे 'जाणं'ला 'राहणं' जोडलंय! शेजारी भाषा नुसते शब्दच नाही, वाक्य बांधायची रीतसुद्धा एकमेकींकडून घेतात. याला कुणी अशुद्ध म्हटलं की मला फार वाईट वाटतं. केवढा जुना शेजार आहे त्यात!

ही मराठी उत्तरेलाही गेली. 1956 पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 ला ती भोपाळ झाली आणि कचेऱ्यांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबं तिकडे राहायला गेली.

बोलींमधला फरक मोजायचा कसा? भाषांचे अभ्यासक जॉर्ज ग्रिअर्सन यांनी 1894 पासून भारताच्या मोठ्या भागात एक युक्ती वापरली. घर सोडून गेलेल्या मुलाची एकच गोष्ट त्यांनी जागोजागच्या बोलींत लिहवून घेतली. 1928 मध्ये काम संपलं, तेव्हा 179 भाषा आणि 544 बोली नोंदल्या गेल्या होत्या.

तुम्ही गोष्ट नको, एक वाक्य घ्या: 'मी बाजारात जात आहे, तुला काय आणू?' आजीला, भाजीवाल्या काकूंना, दुसऱ्या गावाहून आलेल्या मित्राला ते त्यांच्या बोलीत म्हणायला सांगा. जसं ऐकाल तसंच लिहा, जराही न सुधारता, आणि शेजारी त्यांच्या गावाचं नाव टाका.